चार वाजून बारा मिनिटांची रेघ

दुपारी चार वाजून बारा मिनिटं. मंगळवार, २१ ऑगस्ट १९७३.

मलकापूरच्या पलीकडे, घाटमाथ्यावरच्या ढगात एक प्रवासी विमान डोंगराला धडकलं. एकोणतीस माणसं होती. एकही वाचलं नाही.

त्यात भुताटकीचं काही नव्हतं. तो अपघात होता. सांगायचं आहे ते त्यानंतरचं.

आणि ते घडलेलं आहे. ज्यांच्या बाबतीत घडलं ते त्र्यंबक वाशीकर कोल्हापुरातल्या एका दैनिकात एकवीस वर्षं उपसंपादक होते. भुताखेतांची बातमी कुणी टेबलावर आणली तर ते तीन प्रश्न विचारायचे. कुणी पाहिलं? किती वाजता? सोबत कोण होतं? बहुतेक बातम्या दुसऱ्या प्रश्नालाच परत जायच्या.

पुढे हेच प्रश्न त्यांना स्वतःला विचारावे लागले. उत्तरं त्यांनी डायरीत लिहिली. खालच्या तारखा त्या डायरीतल्या आहेत.

अपघाताच्या वेळी विमान उपवैमानिकाच्या हातात होतं. त्याचं नाव गुरुसिद्ध. वय अठ्ठावीस. शाहूपुरीतल्या एका गुळाच्या अडत्याचा एकुलता मुलगा. अडत्या आधीच वारला होता. घरात उरली ती आई, चन्नम्मा.

दहा दिवसांनी दरीत विमानाचं नोंदयंत्र सापडलं. त्या यंत्रात धातूची पातळ पट्टी फिरत असते आणि सुया तिच्यावर ओरखडे काढत जातात. एक रेघ उंचीची, एक वेगाची, एक दिशेची. माणसं मरतात, रेघा राहतात.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात दैनिकाच्या मुंबईच्या बातमीदाराने चौकशीतून एक फोटो मिळवून पाठवला. शेवटच्या एका मिनिटाची उंचीची रेघ, मोठी करून. त्यावर आकडा नाही, अक्षर नाही. काळ्यावर एक पांढरी रेघ.

ब्लॉक केरबानं केला. छापखान्यात जस्ताचे ब्लॉक तोच करायचा. फोटोची निगेटिव्ह जस्तावर ठेवायची, प्रकाश द्यायचा, जस्त ॲसिडात झिजायला सोडायचं. निगेटिव्ह पालथी पडली तर छापलेलं चित्र उलटं येतं, आरशातल्यासारखं. माणसाचा फोटो असेल तर लगेच कळतं. सदऱ्याचा खिसा माणसाच्या उजव्या छातीवर आला की ब्लॉक उलटा, हे त्र्यंबकरावांनीच नव्या पोरांना शिकवलं होतं.

रेघेला खिसा नसतो.

त्र्यंबकरावांनी प्रूफ पाहिलं. लाल पेन्सिलीने कोपऱ्यात ‘ठीक’ लिहिलं. खाली सही केली.

छापलेली रेघ डावीकडून अशी दिसत होती: सुरुवातीला उंच, मग झटक्यात खाली, मग शेवटपर्यंत सपाट.

तीन दिवसांनी दत्तोपंतांचा लेख आला. दत्तोपंत विमानांच्या दुरुस्तीच्या कारखान्यात अठरा वर्षं काढून निवृत्त झाले होते. गावात विमानावर बोलणारा तो एकच माणूस. त्यांनी लिहिलं की रेघ स्पष्ट आहे. उपवैमानिकाने ढगात विमान घाईने खाली घेतलं, तसंच कमी उंचीवर सपाट नेलं आणि डोंगरावर घातलं. हा यंत्राचा दोष नाही, हाताचा दोष आहे.

त्या दिवशी मागणीमुळे अंक दुसऱ्यांदा छापावा लागला.

गावात दोन तट पडले. दूध कट्ट्यावर, तालमीत, बाजार समितीत तोच विषय. कुणी म्हणे, “दत्तोपंत म्हणत्यात म्हंजे खरंच असणार. जलम गेला त्येंचा इमानात.” त्यावर दुसरा म्हणे, “जलम इमानाखाली गेलाय. आडवं पडून. वर कवा बसलंय ते?”

शाहूपुरीत मात्र हसत कुणी नव्हतं. वरच्या आळीतल्या एका घरातले दोघं त्या विमानात होते. त्यांच्या माणसांनी चन्नम्मांच्या दाराकडे बघणं सोडलं. दूधवाला येईना झाला. नंतर शेजारणींनीही पायरी सोडली.

शेवटी एका वाचनालयाने परिसंवाद ठेवला. विषय: ‘उड्डाण-नोंदींचा अर्थ आणि तज्ज्ञांचा अधिकार.’ रविवार, १६ डिसेंबर, दुपारी तीन.

आदल्या दिवशी केरबा त्र्यंबकरावांच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. मुंबईने मूळ फोटो परत मागवला होता. केरबाच्या एका हातात तो फोटो होता, दुसऱ्यात अंकाचं कात्रण.

“सायेब, जरा बघा.”

त्र्यंबकरावांनी पाहिलं.

फोटोच्या मागे बातमीदाराने पेन्सिलीने बाण काढला होता. सुरुवात इकडे, शेवट तिकडे.

“निगेटिव्ह पालथी पडली जणू,” केरबा म्हणाला. “माझ्या हातनं.”

खऱ्या फोटोत रेघ सपाट येत होती. सपाट, सपाट, आणि शेवटच्या आठ सेकंदांत सरळ वर. त्या पोराला डोंगर दिसला होता. त्याने विमान वर ओढलं होतं. अगदी शेवटपर्यंत वरच ओढत होता.

“कुणाला बोललास?”

“न्हाई.”

“बोलू नकोस. सोमवारी बघू.”

केरबा जागचा हलला नाही. “ब्लॉक तुमच्या खणात ठिवतो, सायेब. मोडीत टाकायला माझा हात हुईना.”

त्र्यंबकरावांनी खण उघडून दिला.

सोमवारी खुलासा टाकायचा, हे त्यांनी खरोखर ठरवलं होतं. डायरीत तसं लिहिलेलं आहे. फक्त रविवार मध्ये आला.

सभागृह भरलं होतं. दत्तोपंतांनी फळ्यावर रेघ काढून दाखवली. मग इचलकरंजीचे एक इंजिनियर उठले. सिद्धराम त्यांचं नाव.

“ती पट्टी सूक्ष्मदर्शकाखाली वाचत्यात, पंत. मोजमापाचा तक्ता शेजारी ठिवून. एका रेघेवरनं हात कुणाचा चुकला ते सांगता येतंय व्हय?”

“तुम्ही साखर कारखान्यात असता ना?” दत्तोपंतांनी चष्मा पुसला. “साखरेचं तुम्ही सांगा, आम्ही ऐकू.”

सभागृह हसलं.

“सांगतो की. पण तुम्ही इंजिनं खोललासा अठरा वर्सं. पट्टी कवा वाचलासा?”

पुन्हा हशा झाला. या वेळी दुसऱ्या बाजूने.

तेवढ्यात मागच्या रांगेत एक बाई उभी राहिली. पांढरी साडी, डोक्यावरून पदर, गळ्यात इष्टलिंग ठेवायची चांदीची डबी. हसणं आपोआप थांबलं.

“मास्तर,” चन्नम्मा दत्तोपंतांना म्हणाल्या, “ती पट्टी तुम्ही बघितलासा?”

“पट्टी नाही, बाई. तिचा फोटो.”

“फोटो हातात घेतलासा?”

“वर्तमानपत्रात आलाय तो. सगळ्यांनी पाहिलाय.”

सिद्धराम वळले. “मग पेपरवाल्यांनाच इचारा की. बसल्यात हितं. काय हो, जसा आला तसाच छापलाय न्हवं?”

दोनशे माणसं त्र्यंबकरावांकडे बघत होती. त्या बाईसुद्धा.

त्र्यंबकराव उभे राहिले.

“हो,” ते म्हणाले. “जसा आला तसाच.”

ते खाली बसले.

आणि...

पंख्यांचा आवाज गेला. पंखे फिरत होते. आवाज नव्हता. रस्त्यावरचे टांगे, सायकलींच्या घंट्या, कुणाचा तरी खोकला, सगळं कापून काढल्यासारखं नाहीसं झालं. दत्तोपंतांचे ओठ हलत होते.

त्या शांततेत एकच आवाज उरला.

सुई धातूवर ओढल्याचा. बारीक. संथ. मग एकदम तीव्र, वर चढत गेलेला.

आठ सेकंद. त्र्यंबकरावांनी भिंतीवरच्या घड्याळात मोजले. काटे चार वाजून बारा मिनिटांवर होते.

मग पंखे पुन्हा घरघरायला लागले. कुणीच चमकलं नव्हतं. कुणी काही ऐकलं नव्हतं.

फक्त चन्नम्मा मान वर करून छताकडे बघत होत्या.

सोमवारी खुलासा गेला नाही. मंगळवारीही नाही. आता चूक ब्लॉकची राहिली नव्हती. दोनशे माणसांसमोर उभं राहून ते बोलले होते.

मंगळवारी दुपारी कचेरीत टेलिप्रिंटर खडखडत होता. चार बाराला तो थांबला. खरं म्हणजे थांबला नाही... कागद पुढे सरकत होता, अक्षरं उमटत होती, आवाज नव्हता. आणि खोलीत कुठेतरी ती सुई.

पुढच्या मंगळवारी पुन्हा.

त्र्यंबकरावांनी खण उघडून पाहिला. ब्लॉक गार होता, जसाच्या तसा. पालथ्या निगेटिव्हचा ब्लॉक असा असतो की जस्तावर चित्र सुलट दिसतं. म्हणजे धातूवर खरं होतं. कागदावर गेलं तेव्हा खोटं झालं होतं.

त्यांनी खण लावून टाकला.

मग ते मंगळवारी चार वाजताच चहाला बाहेर पडायला लागले. टपरीवर स्टोव्ह फरफरत असायचा. चार बाराला स्टोव्ह मुका व्हायचा. ज्योत दिसायची.

“काय झालं, साहेब? चहात काय पडलं?” टपरीवाला विचारायचा.

“काही नाही.”

असं सहा वर्षं चाललं. चौकशीचा अहवाल बाहेर आलाच नाही. गाव दुसऱ्या विषयांकडे गेलं. शाहूपुरीतलं ते घर मात्र तसंच राहिलं. तिथे कुणी जात नव्हतं. त्र्यंबकराव त्या गल्लीतून सायकल नेत नसत. लांबून वळसा घालत. बायकोने, कालिंदीबाईंनी, एकदा विचारलं, “तिकडून गेलं की पाच मिनिटं वाचतात ना?” त्यांनी रस्ता खराब असल्याचं सांगितलं. रस्ता चांगला होता.

१९७९च्या ऑक्टोबरात केरबा निवृत्त झाला. हार घालून घेतला, पेढा खाल्ला, आणि जाताना त्र्यंबकरावांच्या टेबलाशी थांबला.

“सायेब, येक बोलू? माझ्या हातनं चूक झाली. तुमच्या हातनं खोटं झालं. मला झोप लागती. तुमाला लागती का?”

पुढच्या मंगळवारी, १६ ऑक्टोबरला, चार वाजता त्र्यंबकराव चन्नम्मांच्या दारात उभे होते.

बाईंनी त्यांना ओळखलं. आत घेतलं. थेट स्वयंपाकघरात. ओट्यावर दुसरं भांडं नव्हतं. फक्त पितळेच्या डब्याचं एक झाकण, चिंचेने घासून लख्ख केलेलं, मधोमध ठेवलेलं.

“बसा. आता येळ झालीच हाय त्येची.”

“कुणाची?”

बाईंनी मांडणीकडे बोट केलं. तिथे झाकणं लावून ठेवली होती. त्र्यंबकरावांनी अकरा मोजली. प्रत्येकावर केसासारख्या बारीक रेघा, एकीखाली एक, वहीतल्या ओळींसारख्या.

प्रत्येक रेघ सपाट येत होती. आणि उजव्या टोकाला सरळ वर जात होती.

“त्या सभेपास्नं सुरू झालंय,” बाई म्हणाल्या. “दर मंगळवारी. माझा मगा, माझा ल्योक हाय त्यो. पण मला त्येचं वाचता येत न्हाई. कुणाला इचारू? कोण येतंय हितं?”



चुलीतला जाळ मुका झाला...

त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं. झाकणाजवळ हात नव्हता, सुई नव्हती. पितळेवर डाव्या काठापासून एक रेघ उमटत निघाली. संथ. सपाट. बाई तिच्यावर वाकल्या होत्या, पाळण्यात बघावं तशा. मग रेघ वर वळली.

आठ सेकंद.

लाकूड तडतडलं. बाईंनी पदराने झाकण पुसलं.

त्र्यंबकरावांनी सगळं सांगितलं. पालथी निगेटिव्ह, खणातला ब्लॉक, सभेतलं आपलं उत्तर. मान खाली घालून, बातमी सांगावी तसं, क्रमाने.

बाईंनी एकच विचारलं.

“म्हंजे वर?”

“वर. शेवटपर्यंत.”

“त्येनं वर नेलतं.”

“हो.”

त्या म्हणाल्या, “मग लिवा की तसं.”

रविवारी, २१ ऑक्टोबरला, सहाव्या पानावर खुलासा आला. निविदांच्या खाली, नऊ ओळी. सोबत रेघ, या वेळी सुलट. ब्लॉक केरबाने येऊन केला. मजुरी घेतली नाही. सभेत आपण खोटं बोललो, हे वाक्य संपादकांनी कापलं. जागा नव्हती म्हणाले.

दत्तोपंत काठी टेकत कचेरीत आले. “वाशीकर, तुम्ही मला उलटं चित्र दिलंत. मी त्यावर अठरा वर्षांचा अनुभव खर्ची घातला. आता मी लोकांना काय तोंड दाखवू?”

त्र्यंबकराव म्हणाले, “माझं दाखवा.”

पंत तसेच परत गेले.

मंगळवारी चार बाराला टेलिप्रिंटर खडखडतच राहिला. त्र्यंबकरावांनी टेबलाची कड घट्ट धरली होती. चार तेरा. चार चौदा. काही झालं नाही.

डायरीत त्या दिवशी एक शब्द आहे. ‘सुटलो.’

दोन आठवड्यांनी ते पुन्हा शाहूपुरीत गेले. गल्लीतून सरळ, सायकल मारत. शेजारची शालूबाई चन्नम्मांच्या पायरीवर भाजी निवडत बसली होती. सहा वर्षांनी कुणीतरी त्या पायरीवर बसलं होतं. त्र्यंबकरावांना बरं वाटलं.

आत बाई ओट्यासमोर बसल्या होत्या. झाकण समोर होतं. लख्ख.

“येत न्हाई आता,” बाई म्हणाल्या.

“कोण?”



“तीन मंगळवार झालं. घासून ठिवते. येत न्हाई.” मग शांतपणे म्हणाल्या, “गावाला खरं कळलं. शेजारीण यायला लागली. चांगलं झालं, न्हाई म्हणत न्हाई. पण मला वाचता येत नव्हतं तवर त्यो येत हुता की.”

त्र्यंबकराव उभेच होते. बाईंनी त्यांना बसायला सांगितलं नाही.

“सा वर्सं गप बसलासा. आनि आता बोललासा.”

एवढंच. आवाज चढवला नाही. त्र्यंबकरावांनी पुढे सांगितलं की आयुष्यात त्यांना बऱ्याच लोकांनी शिव्या दिल्या. त्यातली एकही त्यांना आठवत नाही. हे वाक्य आठवतं.

पुढच्या मंगळवारी, १३ नोव्हेंबरला, संध्याकाळी कालिंदीबाई त्यांचा जेवणाचा डबा धुवायला घेत होत्या.

“अहो, झाकणावर काय कोरलंत? खिळा घेऊन बसता का कचेरीत?”

त्र्यंबकराव मोरीपाशी गेले.

स्टीलच्या झाकणावर एक बारीक रेघ होती. त्यांनी कंदिलाच्या काचेसारखं झाकण उजेडात फिरवलं...

डावीकडे उंच. मग झटक्यात खाली. मग सपाट.

त्यांनी छापली होती तशी.

दुसऱ्याच दिवशी ते झाकण घेऊन शाहूपुरीत गेले. आपल्याला नक्की काय वाटत होतं, ते त्यांना सांगता येत नाही. बाईंचं हरवलेलं परत नेऊन देतोय, असं काहीतरी. पायरीवरूनच त्यांनी झाकण पुढे केलं.

चन्नम्मा दारात आल्या. त्यांनी झाकण घेतलं. डोळ्यांनी पाहिलं नाही, बोट फिरवलं. डावीकडून. उंच. खाली. सपाट. बोट रेघेच्या टोकापर्यंत गेलं आणि थांबलं.

त्यांनी झाकण परत दिलं.

“ह्यो माझा न्हवं.”

“मग कुणाचा?”

“ते तुमाला ठावं.” आणि त्यांनी दार लोटून घेतलं.

चन्नम्मा अजून दर मंगळवारी पितळेचं झाकण घासून ओट्यावर ठेवतात. त्यावर काही उमटत नाही, असं शालूबाई सांगते.

त्र्यंबकरावांनी डबा बदलला. दोनदा. नव्या झाकणावरही रेघ आली. त्यांनी डबा नेणं बंद केलं, तेव्हा ती घरातल्या पातेल्याच्या झाकणावर आली. मग त्यांनी जुनाच डबा पुन्हा घेतला, आणि तेव्हापासून रेघा त्यावरच येतात. ते फूटपट्टी लावून मोजतात. उंची तीच. उतार तोच. फक्त सपाट भाग दर वेळी केसभर लांब होतो, काठाकडे, डोंगराकडे सरकावा तसा.

डायरीतली शेवटची नोंद अशी आहे.

मंगळवार, २४ मार्च १९८१. चार वाजून बारा मिनिटं. रेघ बहात्तरावी. सोबत कोणी नव्हतं. काठापर्यंत पाव इंच शिल्लक.